बेचिराग गावं आणि कुंडलिका

कॅलिफोर्नियात बोडी नावाचं एक गाव आहे. 'आहे' म्हणायचं एवढंच, राहत तिथे कोणीच नाही. १८५९ मध्ये तिथे सोनं सापडलं. १८८० च्या आसपास हजारोंची वस्ती झाली, दारूचे गुत्ते आले, शाळा आली, चर्च आलं. मग सोनं आटलं आणि लोक जसे आले तसे निघून गेले. १९६२ पासून तिथल्या सरकारनं ते गाव उद्यान म्हणून राखलंय. नियम असा की पडायला आलेल्या घराला टेकू द्यायचा, पण त्याला नवं करायचं नाही. कॅलिफोर्नियात ऑनसाईटला गेलेला आमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण तिथे एकदा जाऊन येतो आणि फुटक्या खिडकीतून दिसणाऱ्या धुळकट टेबलाचे शंभरेक फोटो आपल्याला बळंच दाखवतो.

नामिबियातल्या कोलमन्सकॉपची गोष्ट तशीच. १९०८ मध्ये वाळवंटात हिरा सापडला, जर्मनांनी गाव वसवलं, १९५६ पर्यंत शेवटची माणसंही गेली. आता तिथल्या दिवाणखान्यांत गुडघाभर वाळू असते. हे सगळं बघितलं की वाटतं, च्यायला, आपल्याकडे असं का नाही? कोलारची सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली, पण गाव काही ओस पडलं नाही. तिथले लोक पहाटेची गाडी पकडून बंगलोरला कामाला जातात. म्हणजे खाण मेली, गावानं नोकरी बदलली.

आधी 'घोस्ट टाऊन'ला मराठीत काय म्हणायचं ते बघू. 'भुतांचं गाव' म्हटलं की रात्री साडेदहाची मालिका डोळ्यासमोर येते. महसूल खात्याच्या कागदांत मात्र एक जुना, नेमका शब्द आहे, 'बेचिराग'. चिराग म्हणजे दिवा. गावाला नाव आहे, शीव आहे, जमिनीचे उतारे आहेत, पण संध्याकाळी दिवा लावायला माणूस नाही, ते गाव बेचिराग. बोलण्यात पुढे त्याचं 'बेचिराख' झालं आणि आपण त्यात राख शोधू लागलो. मूळ शब्दात जाळपोळ नाहीच. दिवा लावणारा निघून गेला, एवढंच आहे.

हा शब्द डोक्यात ठेवून मी गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत पेण, रोहा आणि कुंडलिकेचा काठ असा बराच फिरलो. रोहा माझं आजोळ. लहानपणी मे महिन्याच्या अख्ख्या सुट्ट्या कुंडलिकेच्या काठी काढल्या. पण याच नदीच्या मुखाशी तटबंदीतलं एक अख्खं शहर ओस पडलंय, हे मला आजोळी कोणी सांगितलं नाही. रेवदंडा म्हणजे बीच आणि बिर्ला मंदिराला जाताना लागणारा पूल, इतकीच आमची माहिती. तर त्या भटकंतीचा आणि जोडीनं झालेल्या वाचनाचा हा गोषवारा. थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी भूगोल. कुंडलिका सह्याद्रीतून भिऱ्याजवळ खाली उतरते, कोलाडवरून रोह्याला येते आणि तिथून खाडी होऊन पश्चिमेला समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर. भरतीचं पाणी पार रोह्यापर्यंत चढतं. जुन्या काळी भरतीबरोबर गलबतं वर यायची, माल उतरायचा आणि पुढे बैलांच्या पाठीवरून घाटाकडे निघायचा. नदीच्या एका काठाला रोहा, समोरच्या काठाला अष्टमी. नगरपालिकेच्या नावात आजही दोन्ही गावं जोडीनं आहेत, रोहा अष्टमी. पेणचं गणितही तेच. भोगावतीची खाडी, जवळ अंतोऱ्याचं बंदर, आजूबाजूला मिठागरं आणि भाताची खारजमीन, आणि मागे बोरघाटाकडे जाणारी वाट. भात आणि मीठ वर जाणार, घाटावरचा माल खाली येणार. आमच्या भाषेत सांगायचं तर पेण आणि रोहा ही दोन 'इंटरफेस' होती. समुद्राची भाषा इथे संपायची आणि डोंगराची सुरू व्हायची.

आणि मुखाशी होतं चौल. चौलचं वय ऐकून गरगरायला होतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या वाटाड्या पुस्तकात हे बंदर 'सेमुल्ला' नावानं येतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुल' येतं. अरब लोक त्याला 'सैमूर' म्हणायचे. पंधराव्या शतकात, कोलंबस आणि वास्को द गामा यांच्याही आधी, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन इथे उतरला आणि पालीच्या वाटेनं जुन्नरला गेला. तिथल्या सुभेदारानं घोडा जप्त केला. धर्म बदल, मग घोडा मिळेल, अशी अट घातली. पठ्ठ्यानं कशीबशी सुटका करून घोडा परत मिळवला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा स्तंभ आहे. पोरं त्याच्या सावलीत डबे खातात.

घोडा हा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. बोडीला सोनं, कोलमन्सकॉपला हिरे, तसे चौलला घोडे. दख्खनच्या सुलतानांना लढायला घोडे लागत आणि चांगला घोडा यायचा अरबस्तान-इराणकडून, समुद्रातून. समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यावर घोड्यांचा नळ त्यांच्या हातात आला. १५०८ मध्ये याच चौलसमोर इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना धुतलं होतं, व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगीजांनी वचपा काढला आणि १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं त्यांना चौलच्या खाली, अगदी मुखावर, किल्ला बांधायला परवानगी दिली. तोच आजचा रेवदंडा. म्हणजे दोन चौल झाली. आत जुनं, निजामशाहीचं, बाजाराचं आणि रेशीम विणणाऱ्यांचं चौल. समुद्रावर तटबंदीतलं, चर्चच्या मनोऱ्यांचं पोर्तुगीज चौल. मध्ये दोन-तीन किलोमीटरचं अंतर आणि दोन राज्यांची सरहद्द.

या सरहद्दीवर पुढची दोनशे वर्षं काय काय झालं याची नुसती यादी केली तरी दम लागतो. १५४० च्या सुमारास पेणजवळचा सांकशी आणि पनवेलजवळचा कर्नाळा हे किल्ले निजामशाही फौजांनी गुजरातच्या किल्लेदारांकडून घेतले. किल्लेदार वसईच्या पोर्तुगीजांकडे धावले, पोर्तुगीजांनी किल्ले परत मिळवले आणि शेवटी निजामशहाशी सौदा करून त्यालाच देऊन टाकले! १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं रेवदंड्याला वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. कित्येक महिने तोफा चालल्या, शहर पडलं नाही. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला आणि खाडीच्या दोन्ही ओठांवर त्यांचा पहारा बसला. १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी वेढा घातला, तेव्हाही शहर टिकलं.

यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग लढाईचा नाही. मे १६७४. मुंबईचे इंग्रज शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी हेन्री ऑक्झिंडेनला वकील म्हणून रायगडाला पाठवतात. तो मुंबईहून गलबतानं निघतो आणि रात्री चौलला पोचतो. बघतो तर पोर्तुगीज शहराचे दरवाजे बंद, पहारे बसलेले. साहेबांना बाहेरच्या वस्तीतल्या एका छोट्या चर्चमध्ये रात्र काढावी लागते. दुसऱ्या दिवशी तो आतल्या, महाराजांच्या ताब्यातल्या चौलला जातो. एके काळी दख्खनच्या मालाची ही मोठी पेठ होती आणि आता मोगल-मराठ्यांच्या लढायांत पार उद्ध्वस्त झाली आहे, असं तो लिहून ठेवतो. मग तिथून खाडीनं वर, अष्टमीला. पुढे निजामपूरमार्गे रायगड.

या एका प्रवासात अख्खी सरहद्द दिसते. मुखावर दार लावून बसलेलं पोर्तुगीज शहर, त्याच्या मागे मोडलेली बाजारपेठ, दक्षिणेला मुरुड-जंजिऱ्याचा सिद्दी, उत्तरेला मुंबईत नुकतेच बस्तान बसवणारे इंग्रज, आणि वर अष्टमीपासून थेट रायगडापर्यंत महाराजांचा मुलूख. मला गंमत वाटते ती ही, की त्या दिवशी जे दोघं तालेवार होते ती दोन्ही चौल पुढे संपली. आणि ज्याच्या डायरीत अष्टमी म्हणजे फक्त बोट बदलायची जागा होती, ते गाव आजही भरलेलं आहे. गुरुवारी लाईट जाते, पण भरलेलं आहे :-)

आता दोन्ही चौल कशी संपली ते बघू, कारण दोन्हींचं दुखणं वेगळं आहे.

आतल्या चौलला लढायांनी मारलं असं ऑक्झिंडेन म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. युद्धात लुटलेली पेठ पुन्हा उभी राहू शकते, चौल आधीही लुटलं गेलं होतंच. या वेळी ते उभं राहिलं नाही, कारण समुद्रात जेमतेम पन्नास किलोमीटरवर मुंबई उभी राहत होती. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, १६६८ मध्ये ती कंपनीकडे आली. बंदर खोल, आणि कंपनीला माणसं हवी होती. चौलच्या विणकरांना मुंबईत येऊन राहण्यासाठी बोलावणी गेली आणि ते गेले. याला शहर मेलं म्हणायचं की शहराचं स्थलांतर झालं म्हणायचं? आम्ही सर्व्हर बंद करतो तेव्हा आधी त्यातला डेटा दुसरीकडे हलवतो. रिकामं मशीन मग कोपऱ्यात धूळ खात पडतं आणि नवीन आलेला ट्रेनी विचारतो, हे काय आहे? चौलचं तसं झालं. आज तिथे नारळी-पोफळीत रामेश्वराचं देखणं मंदिर आहे, पुष्करणी आहे, जुन्या हमामखान्याचे अवशेष आहेत. पेठ मात्र मुंबईत जाऊन बसली.

रेवदंड्याचं दुखणं दुसरं. ते शहर व्यापारापेक्षा सरहद्दीवर जगत होतं. उत्तरेला वसई, दक्षिणेला गोवा, मध्ये हे ठाणं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि उत्तरेचा तो सगळा प्रांतच पोर्तुगीजांच्या हातून गेला. आता हे एकटं ठाणं दूरच्या गोव्यातून सांभाळायचं कशासाठी? वेढ्यांना दोनशे वर्षं पुरून उरलेलं शहर १७४० मध्ये तहाच्या कलमात गेलं. रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांना दिले आणि पोर्तुगीज निघून गेले. सरहद्द पुसली गेली, आणि सरहद्दीसाठी बांधलेल्या शहराला काही कामच उरलं नाही.

रेवदंड्यात आज जाल तर गंमत अशी की तुम्ही शहरात कधी शिरलात ते कळतच नाही. अलिबागहून येणारा रस्ता सरळ तट फोडून आत जातो, एसटी आणि रिक्षा त्याच खिंडारातून येजा करतात. आत वस्ती आहे, आणि किनाऱ्याच्या बाजूला नारळाच्या वाड्या. त्या वाड्यांत एकेका कुंपणामागे एकेक इमारत उभी आहे. कुठे जेझुइटांच्या मठाची भिंत, कुठे डॉमिनिकनांच्या चर्चची कमान, छप्पर कुठेच नाही. सगळ्यांत उंच फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा. गावकरी त्याला 'सातखणी' म्हणतात. मजले कधीच गेलेत, आतून वर बघितलं की नळीतून आकाश दिसतं. कोणतं चर्च कोणत्या संताचं हे गावात कोणाला नीट सांगता येत नाही, पण कोणती कमान कोणाच्या वाडीत ते विचारा, पटकन सांगतील.

एका वाडीत शिरायला परवानगी मागितली तर मालक म्हणाले, "बघा की, पन नारळ डोक्यात पडला तर आमी जबाबदार नाय." मी विचारलं, काका, हे पडकं बांधकाम मध्येच आहे, त्रास नाही होत? म्हणाले, "तरास कसला, वारा अडतो. पोफळीला बरं." पावणेतीनशे वर्षांनी त्या चर्चला पुन्हा काम मिळालंय, पोफळीसाठी वारा अडवायचं.

तीच कथा डोंगरावरच्या किल्ल्यांची. रोह्याभोवती अवचितगड, सुरगड, बिरवाडी, घोसाळगड असं कडंच आहे. कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवायची आणि सिद्दीला थोपवायचं, हे त्यांचं काम. अवचितगड रोह्यापासून अगदी जवळ, मेढा किंवा पिंगळसईवरून दीड-दोन तासांची चढण, दाट रान. वर पाण्याची टाकी आहेत, तोफा पडल्यात, आणि दक्षिणेच्या बुरुजावर एक देवनागरी शिलालेख आहे. त्यातली मिती शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे १७९६ चा गुढीपाडवा. मी तिथे बराच वेळ बसलो. कोणीतरी मुहूर्त बघून, गणेशाला नमन करून ती अक्षरं कोरून घेतली असतील. किती दिवस टिकेल असं वाटलं असेल त्याला? बावीसच वर्षांनी, १८१८ मध्ये, गड इंग्रजांकडे गेला. दोन्ही बाजूंना आता एकच सरकार, मग पहारा कोणावर ठेवायचा? पेणचा सांकशी, पायथ्याशी बद्रुद्दीन दर्गा आणि वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, त्याचंही हेच झालं. किल्ले पाडायची सुद्धा फारशी गरज पडली नाही. पगार बंद झाले, लोक खाली उतरले.

खाली म्हणजे कुठे? बोडीचे फोटो बघताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिथे लोक आले होते हजार मैलांवरून आणि गेलेही हजार मैलांवर. कुंडलिकेच्या काठी मात्र 'लोक गेले कुठे' असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा बोटानं दाखवता येतं. गडावरची माणसं पायथ्याच्या गावांत. चौलचे विणकर मुंबईत.

आणि रेवदंड्याची माणसं? पूल ओलांडून साळावला या आणि उजवीकडे वळून कोर्लईला जा. किल्ल्याच्या पायथ्याशी एक छोटं ख्रिस्ती गाव आहे. शेती, मासेमारी, मुंबईला नोकऱ्या, सगळं आपल्यासारखंच. फक्त ते घरात आपापसात जी भाषा बोलतात ती मराठी नाही. ती पोर्तुगीजपासून झालेली, मराठीच्या वळणावर गेलेली त्यांची स्वतःची भाषा आहे. ते तिला 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. १७४० मध्ये हाकिम, पाद्री, शिपाई निघून गेले, पण सैनिकांचे इथलेच झालेले संसार आणि बाटलेली गरीब माणसं जाणार कुठे? ती खाडीपलीकडे राहिली. आजूबाजूला सगळे मराठी हिंदू आणि मुसलमान, धर्म वेगळा म्हणून लग्नं आपल्यातच, आणि पोर्तुगीजशी संबंध संपलेला. त्या कोंडीत भाषा टिकली. तटाच्या आतलं दगडी शहर छपराशिवाय उभं आहे आणि त्याची भाषा पलीकडच्या काठावर चुलीपाशी बोलली जातेय. मला हे सातखणीपेक्षा मोठं स्मारक वाटतं. पण ते टिकेलच असं नाही, कारण पोरं शाळेत मराठी शिकतात आणि कामाला मुंबईला जातात.

रोहा आणि पेण का टिकले? त्यांचंही मूळ काम गेलंच की. खाडी गाळानं भरत गेली, सडका आल्या, अंतोऱ्याला किंवा अष्टमीला माल उतरवायचं कारण राहिलं नाही. पण ही गावं एकाच नळावर जगत नव्हती. मागे भातशेती होती. पेणनं मातीत हात घातला आणि आज पेण, हमरापूर, जोहे इथले गणपती जगभर जातात. रोह्याला १९८६ मध्ये रेल्वे आली, जवळ धाटावची एमआयडीसी झाली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा रोहा पुन्हा सरहद्दीचं गाव झालं. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे इथे सुरू होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी बोट बदलायची जागा, आता रेल्वेची हद्द बदलायची. खोड जात नाही.

तरी हे सगळं इतकं गोडगोड नाही. कुंडलिकेतच याचा दुसरा पुरावा वाहतो. कोलाडला सकाळी राफ्टिंगला जाता ना? कंपनीच्या आउटिंगला सगळेच जातात. ते पाणी कुठलं? टाटांच्या भिरा वीजगृहातून सोडलेलं, म्हणजे मूळचं मुळशी धरणाचं, घाटमाथ्यावरचं. ते धरण होताना मावळातल्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यातूनच 'सेनापती' झाले. सत्याग्रह हरला. ती गावं बेचिराग झाली ती सोनं आटलं म्हणून नव्हे आणि सरहद्द पुसली म्हणूनही नव्हे. मुंबईला वीज हवी होती. एका ठिकाणचा दिवा विझवून दुसरीकडे लावला, अगदी शब्दशः.

पेणला हे चांगलं कळलेलं आहे. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारनं शेतकऱ्यांचं मत घेतलं, सेझसाठी जमीन द्यायची की नाही. हेटवणे धरणाचं पाणी मिळणार होतं ती ही शेती. लोकांनी रांगा लावून मत दिलं, बहुतेकांचा कौल 'नाही' असाच होता, आणि तो सेझ काही झाला नाही. २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नव्या नगराची अधिसूचना निघाली. लोक त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. अटल सेतू झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. पहिल्या मुंबईनं चौल गिळलं ते बोलावणी पाठवून. ही तिसरी मुंबई स्वतःच चालत येतेय. ती आल्यावर खारेपाटातल्या माणसाला त्यात घर असेल, की तो पायथ्याला उतरलेल्या गडकऱ्यासारखा आणखी कुठे खाली उतरेल, हा प्रश्न मला इतिहासाच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा जास्त छळतो.

आणि यात आपण, म्हणजे तुम्ही-आम्ही, कुठे बसतो? माझ्या आजोळच्या घराला कुलूप आहे. आजी गेली, मामा ठाण्याला, एक मावसभाऊ न्यू जर्सीत, मी पुण्यात. घर कोणी पाडलेलं नाही की बुडवलेलं नाही. दर दिवाळीला आमच्यातलं कोणीतरी जातं, कुलूप काढतं, ओटीवर पणती लावतं, दुसऱ्या दिवशी कुलूप लावून परत. त्या आळीत अशी चार-पाच घरं सहज आहेत. महसुलाच्या दप्तरात रोहा भरलेलं गाव आहे आणि राहीलही. पण शब्दाच्या मूळ अर्थानं ती घरं वर्षातले तीनशे साठ दिवस बेचिरागच की. चौलचे विणकर गेले तेव्हा त्यांनाही कोणी हाकललं नव्हतं. जास्त चांगली ऑफर आली होती.

मामाला मी म्हटलं, भाड्यानं तरी देऊ कोणाला, धाटावच्या कंपन्यांतली मुलं राहतील. तो म्हणाला, "अरे, मग दिवाळीला आपण उतरायचं कुठे?" यावर माझ्याकडे उत्तर नाहीये. तुमच्याकडे असेल तर सांगा.

असो. कसं जाल ते सांगून संपवतो. पहिला दिवस रोहा. दिवा-रोहा पॅसेंजर पकडा, पेण लागतं तेव्हा उजव्या हाताला खार आणि मिठागरांचा मुलूख बघून घ्या. दुपारपर्यंत अवचितगड करून खाली या, पाणी आणि वाटाड्या गावातून घ्या, पावसाळ्यानंतर रानात वाट मोडते. दुसऱ्या दिवशी साळावमार्गे कोर्लई, मग पूल ओलांडून रेवदंडा आणि शेवटी चौल. वाड्या खासगी आहेत, विचारून आत जा, नारळाखाली उभे राहू नका. कोर्लईला कोणाच्या घरासमोर मोबाईल रोखून 'ती भाषा बोलून दाखवा' असं कृपा करून म्हणू नका. आणि सातखणीच्या आतून वरचा फोटो काढायचा असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर ऊन सरळ लेन्समध्ये येतं.